छोट्या लाईनीवरची चाल

बीरगांव, रायपूर
८ जानेवारी

दादा,

नमस्कार, खुशाली, सारं समजून घे. मले लांबलचक लिवता येत नाई. फोन काहून नाई केला म्हणशीन, तं फोनवर आपलं भांडण होते. मायच्या श्राद्धाले फोन केला होता, तवा तू तिथीवरून भांडला. कागदावर तुले मधात बोलता येत नाई.

काम आहे म्हणून लिवून राहिलो.

आपल्या शेखरची पोट्टी, पूर्णिमा. तू तिले पाह्यलं नाई. शिकली, आता नव्या रायपुरात कामाले जाते. काम काय, तं कम्प्युटरमधल्या माणसाले चालवणं. हसू नको, मी हसून चुकलो. ते लोक कार्टूनचा सिनेमा बनवून राहिले. खऱ्या माणसाले काळा चिपकू ड्रेस घालतात, गुडघ्याले, खांद्याले, टाचेले पांढरे गोळे लावतात अन् म्हणतात, चाल. भोवताल कॅमेरे. कॅमेऱ्याले माणूस दिसत नाई, नुसते गोळे दिसतात. पडद्यावर मंग ठिपके चालतात. तोंड नाई, कपडे नाई, नुसती चाल. तीच चाल उचलून कार्टूनच्या माणसाले देतात.

म्या म्हटलं, असा काय माणूस ओळखू येते? तं ती मले घेऊन गेली. बस काही आली नाई, शेखरनं गाडीवर सोडलं. तिथं तिनं एकामागं एक ठिपके दाखवले. हे अमके सर, हे तमकी दीदी. मले काय, सारे सारखेच. मधातच एक जण आला, अन् ती बोलाच्या आधी माह्या तोंडून निघालं, "हा तं शेखर!" शेखरच होता. मागं तिले सोडाले गेला होता, तं तिनं त्याले चालवून घेतलं होतं. दादा, तोंड नसतानी म्या माह्या पोराले ओळखलं.

तवापासून डोक्यात एकच. बाबा.

त्याचा एक फोटो आहे आपल्याजवळ, तोही कसा, कोणी धमकावून उभा केल्यासारखा. बाबा तसा नव्हता ना. बाबा म्हणजे चालणं. अरुंद रुळाच्या छोट्या लाईनीचा कीमॅन, दिवसभर रुळाच्या चाब्या ठोकत पायीपायी. लाकडाचे स्लीपर. एक सोडून पाय टाकला तं पाऊल लांब पडते, एकेकावर टाकला तं आखूड. बाबानं आखूडच धरलं. मंग अंगणात चालो का बाजारात, त्याच्या पायाखाली स्लीपरच. गोल बाजारात माय पुढं निघून जाये अन् मागं वळून म्हणे, "उतरा आता लाईनीवरून, इथं गाडी येत नाई."

आता ऐक. पूर्णिमाच्या सिनेमात एक म्हातारा आहे, रेल्वेचा. तिच्या कम्प्युटरात म्हाताऱ्याईच्या चाली आहेत तयार, सारे एकाच कंपनीतून निघाल्यासारखे, कमरेत वाकले अन् काठी थरथर. तिले खरी चाल पाह्यजे. म्या म्हटलं, बाबाची घे. ती म्हणे, "पर वो तो हैं नहीं, आजोबा."

तू आहेस ना. तोंड तुह्यावर मायचं आलं, पण चाल बाबाची. तू कॉलेजातून सुट्टीत यायचा तं क्वार्टरातल्या बाया म्हणत, शंकररावच आला वाटते. माह्या चालीत बाबा नाई, मी मामावर गेलो, सारे म्हणतात.

तं तू ये. फेब्रुवारीपर्यंत त्याईचं हे काम चालन, मंग तो म्हातारा पक्का होऊन जाईन. मले बाबाले एकदा चालतानी पाहाचं आहे. बस एवढंच. बाकी जुनं काही काढत नाई, तूही काढू नको.

देवीदास


बीरगांव
२७ जानेवारी

दादा,

तुह्यं कार्ड भेटलं. दोन ओळी. "प्रकृतीमुळे प्रवास शक्य नाही. क्षमस्व." क्षमस्व म्हणे! अन् अक्षरही तुह्यं नाई. जन्मभर कचेरीत कारकुनी केली, साहेबाचे कागद लिवले, अन् भावाले दोन ओळी दुसऱ्याकडून लिवून घेते? सहीसुद्धा केली नाई. एवढा मान.

काढाचं नाई म्हटलं होतं, पण काढतो. तू काहून येत नाई ते मले मालूम आहे. त्या पोट्टीची माय अनसुइया आहे म्हणून. इथल्या घरची, छत्तीसगढी. शेखरच्या लग्नात तू पंगतीतून उठला. कोणी भांडलं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. तुले समजलं का वाढणारी नवरीची मामी आहे, अन् तू भात कालवलेला हात तसाच घेऊन उठला. साऱ्या मांडवानं पाह्यलं. माय मले म्हणे, "जाऊ दे, त्याले पित्त झालं असन." माय तुले वाचवाले गेली, दुसरं काय. लोकाईले काय पित्त समजत नाई?

अनसुइयानं एवढ्या वर्षात तुह्यं नाव वाईट घेतलं नाई. मायचं सारं तिनं केलं, शेवटपर्यंत. माय तिले छत्तीसगढीत हाक मारे अन् ती मायले मराठीत ओ दे. ते तू पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं हसला असता.

हे झालं. आता चालीचं.

तू येत नाई तं म्या म्हटलं मीच चालतो. पूर्णिमानं मले तो ड्रेस घातला. दादा, ते काय कपडे आहेत! पोट लपत नाई, काही लपत नाई. पोट्ट्या खालमान्या करून हसून राहिल्या. म्या म्हटलं, हसा, तुमचंही होईन. मंग मी बाबासारखा चाललो. आखूड पाऊल, एक खांदा वर, मान पुढं. मले वाटे का हुबेहूब. पडद्यावर पाह्यलं तं भट्टीवरून निघालेला बेवडा! पूर्णिमा म्हणे, "आजोबा, आप एक्टिंग कर रहे हो. चलो ना सीधे." सीधा चाललो तं पडद्यावर मामा आला.

तुले मजा वाटली असन वाचून. मले नाई वाटली. घरी आलो अन् जेवलो नाई.

तूच सांग, आपण दोघं गेलो का बाबा कोणाले चालतानी आठवन? शेखरले? तो रांगत होता तवा बाबा गेला. म्हणून म्हणतो, येशीन तं ये. नाई तं निदान आपल्या हातानं लिव का येत नाई.

देवीदास


बीरगांव
५ फेब्रुवारी

दादा,

तुह्या निरंजनचा शेखरले फोन आला. माहं पत्र वाचून तुह्या डोळ्यातून पाणी आलं म्हणे, तवा त्यानं न राहवून केला.

लकवा. मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालते, अन् उजवाही लिवतानी कापते. अन् मले कोणी सांगितलं नाई! काहून? मी मेलो होतो का? अकोला काय विलायतेत आहे? गाडीत बसलो का सकाळी तिथं. म्या शेखरच्या हातून फोन घेतला तं निरंजन म्हणे, "बाबांनीच सांगू नका म्हटलं, काका." निरंजनच्या त्या बाबाले काय म्हणू आता.

तं ते अक्षर निरंजनचं होतं. म्या जे लिवलं ते लिवलं. पंगतीचं खोडत नाई, ते खरंच आहे. सहीचं खोडतो.

आता येऊ नको. मी लिवून राहिलो तं ऐक, येऊ नको. बाबाची चाल तुह्या पायातून गेली, त्यात तुहाही काही इलाज नाई. रोज व्यायाम कर. तेल लावून घे. नुसता पलंगावर बसून पेपर वाचशीन तं पाय आणखी आखडन.

पूर्णिमाले सांगितलं. तं ती म्हणे, "बड़े आजोबा चल नहीं सकते, पर उनको याद तो होगा ना?" म्या म्हटलं, याद असून काय करतेस, याद काय ड्रेस घालते? ती म्हणे, "वो बताएँगे, आप चलना."

म्या तिले म्हटलं, पोट्टे, आम्ही दोघं एका खोलीत सकाळचा चहा पिऊ शकलो नाई, तू चालणं शिकवून राहिली. तिनं नुसतं माह्याकडं पाह्यलं. तिचे डोळे मायचे आहेत, हेही तुले मालूम नसन.

तिचं म्हणणं तुले कळवलं. मी बोलावून राहिलो असं समजू नको.

देवीदास


बीरगांव
१४ फेब्रुवारी

दादा,

निरंजनचा निरोप भेटला. "बाबा म्हणतात येतो, स्टेशनवर कोण येईल विचारा." एवढंच. तुहं सारं आयुष्य असं दोन ओळीत चालते.

शेखर येईन. फलाटावर, डब्यापाशी. उतरतानी घाई करू नको, गाडी इथं बराच वेळ थांबते. त्याच्याशी बोलाचं असन तं बोल, नसन तं नको बोलू, पण त्याचा हात धर.

अनसुइया विचारून राहिली का बड़े बाबूजी काय खातात. म्या म्हटलं विचारू नको, करून ठेव.

खाटेले उंच पाय लावले. संडासात दांडा बसवला. गरम कपडे कमी आण, इथं आता थंडी गेली.

देवीदास


बीरगांव
२ मार्च

दादा,

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तुले न्याले आलेला निरंजन म्हणे गाडीत तू झोपला नाई, खिडकीतून पाहत बसला. काय पाहाचं असते बाहेर अंधारात, ते तुलेच माहीत.

तू गेला अन् घर मोठं वाटून राहिलं. आठच दिवस होता, तरी अनसुइयाले सवय झाली. काल तिनं तांदळाचे फरे वाफवले अन् तुह्या वाटचे बाजूले काढून ठेवले, मंग तिच्याच लक्षात आलं. तू आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची चटणी तू दोनदा मागून घेतली होती, त्याच्यावर ती अजून खूश आहे. तू कवातरी तोंडानं बोलत जा रे, मागून घेतली म्हणून तं समजलं का आवडली.

स्टेशनवरून येतानी शेखरनं मुद्दाम तुले एक्सप्रेस-वेवरून आणलं होतं. छोटी लाईन उखडली अन् तिच्या अंगावरून तो रस्ता गेला. तू तेलीबांध्यापाशी गाडी थांबवाले लावली अन् नुसता पाहत राहिला. मी म्हणो क्वार्टर इकडं होतं, तू म्हणे तिकडं. शेवटी शेखर म्हणे, "काका, इथं गाडी उभी करता येत नाही, पोलीस येईल." ते भांडण अर्धंच राहिलं. पण मी म्हणतो तेच खरं, चिंचेच्या झाडावरून सांगतो.

आता तुले पुढचं सांगाचं आहे. पण आधी त्या खांद्याचं, अन् मले घरी येऊन जे समजलं ते.

स्टुडिओत तुले खुर्चीवर बसवलं, मले ड्रेस घातला, अन् तू सुरू झाला. "पाऊल लांब पडून राहिलं. टाच नाई, आधी पंजा. मान नको हलवू, बैल आहेस का?" साऱ्या पोट्ट्याईसमोर! पूर्णिमानं जमिनीवर पट्ट्या चिपकवल्या, स्लीपरसारख्या, तवा कुठं पाय जागेवर पडाले लागले. मंग खांदा. हातोडा घेऊन घेऊन बाबाचा एक खांदा उचललेलाच राहायचा. मी उजवा उचलो, तू म्हणे डावा. मी म्हणो, मले शिकवू नको, म्या बाबाले रोज पाह्यलं. तू म्हणे, तं म्या काय शेजाऱ्याले पाह्यलं? किती आवाज चढला आपला! तो त्याईचा सर दारातून डोकावून परत गेला.

अन् ही पोट्टी शांतपणे विचारते, "आजोबा, आपने उनको किधर से देखा था? सामने से?"

तुले शाळा होती. सकाळी बाबा ड्युटीवर निघाला का तू दप्तर घेऊन त्याच्या मागं मागं लाईनीनं जायचा. म्हणजे तू पाह्यली पाठ. मले शाळेचं वावडं, सातवीतच सुटली. मी संध्याकाळी फाटकावर बसून राहायचो, बाबा येते का म्हणून. मी पाह्यलं तोंडाकडून. समोरच्याचा डावा आपल्या उजव्या अंगाले दिसते. इतकी वर्षं मी बाबाले आरशातल्यासारखं उलटं पाठ करून बसलो.

हे तं तवाच समजलं. घरी येऊन समजलं ते दुसरं. तुह्या मनातला बाबा सकाळचा आहे, दादा. झोप झालेला, भाकर खाल्लेला, पाठ ताठ, भराभर जाणारा. अन् माह्यावाला संध्याकाळचा. म्हणूनच आपलं जमत नव्हतं. तू म्हणे जोरात चाल, मी म्हणो बाबा एवढा जोरात चालतच नव्हता. दोघंही खरं बोलून राहिलो होतो. तुले तो थकलेला कवा दिसलाच नाई, तू तवा अभ्यासाले बसलेला असायचा. मले ताजा दिसला नाई, मी झोपलेला असायचो.

मंग डावा खांदा वर करून चाललो अन् पडद्यावर पाह्यलं. तू खुर्चीचा दांडा धरला, ते म्या पाह्यलं. बाबा चालून राहिला होता. ते लोक काय करतात, चार पावलं घेतात अन् तीच तीच फिरवतात, माणूस जागच्या जागी चालत राहते, चालत राहते. पूर्णिमा म्हणे, "ऐसे ही घंटों चल सकता है." तिले काय, ती खूश होती.

तवा तू ओरडला. "थांबव त्याले, पोरी! ड्युटी संपली त्याची. बसव त्याले."

तू तिले पोरी म्हटलं. तोवर आठ दिवसात तू तिले कशाच नावानं हाक मारली नव्हती, "ते" अन् "तिकडं" करून भागवलं. तुह्या लक्षात आलं का नाई माहीत नाई. तिच्या आलं. ती कम्प्युटराकडं तोंड करून बसली अन् तशीच म्हणे, "बैठने का तो रिकॉर्ड ही नहीं किया, बड़े आजोबा."

म्या तिथल्या खोक्यावर, ओटा समजून, बसून दाखवलं. तू म्हणे, "गव्हाचं पोतं उतरवून राहिला का?" मी म्हटलं, तं तूच बस! मी रागानं म्हटलं होतं. तू खरंच उठला.

तुह्या त्या डाव्या हाताले बाही घालताना ती कशी घाबरून राहिली होती. बोटं एकेक करून आत सरकवली तिनं. तू तिच्या डोक्यावर उजवा हात टेकवून उभा होता, तोल सांभाळाले का आणखी कशाले, मले विचारता येत नाई. तिनं तुह्या गुडघ्याले गोळे लावले, टाचेले लावले, खाली बसून. तिची माय असती तिथं तं रडली असती. मी खिडकीबाहेर पाह्यलं. नव्या रायपुरात पाहाले काही नाई, रस्ता अन् रस्ता.

अन् मंग तू बसला. उजवा हात गुडघ्यावर, जरासा थांबला, मागं पाह्यलं का ओटा आहे ना, मंग हळू हळू स्वतःले उतरवलं. एका बाजूनं आधी. तुले लकव्यानं तसं बसाले शिकवलं असन, पण मी फाटकावरून जे रोज पाह्यलं ना, ते हेच होतं. दिवसभर लाईन चालून आलेला माणूस असाच बसते. तुले मालूम नव्हतं तू काय करून राहिला. तू तं म्हणे, "झालं का? काढा हे." अन् तुह्या गाडीची वेळ झाली.

सकाळ-संध्याकाळचं म्या पूर्णिमाले सांगितलं होतं. शनिवारी तिनं दोन्ही चाली अन् तुह्यं बसणं जोडलं अन् आम्हाले बोलावलं. शेखर, अनसुइया, मी. आधी म्हाताऱ्याचं तोंड, धोतर, झेंडी, सारं चढवलेलं दाखवलं. चांगलं होतं, पण तो कोणी दुसराच. मी म्हटलं, हे काढ, नुसते ठिपके दाखव.

तं तिनं ठिपके दाखवले. अंधारात दुरून आला तो. आधी सकाळचा, तुह्यावाला, भराभर. एवढ्याशा जागेत तिनं पूर्ण दिवस बसवला, कसा ते ती जाणे. हळूहळू पाऊल जड झालं, मान खाली आली, अन् मंग माह्यावाला आला. स्लीपरवरून उतरला. तिथून तू घेतला. जोड कुठं आहे म्या शोधला, सापडला नाई. हात गुडघ्यावर. मागं पाह्यलं. बसला.

अनसुइयानं डोक्यावर पदर घेतला. तिनं बाबाले कवा पाह्यलंच नव्हतं, तरी घेतला.

ठिपके श्वास घेतल्यासारखे जरासे हलून राहिले होते. पूर्णिमा म्हणे, "आजोबा, फिर से चलाऊँ?"

म्या म्हटलं, नको. आताच तं बसला तो.

देवीदास